रंग खरा ठेवणे

टॅबलेट शेठच्या मुलीचा, जुना.
मागे अजून चिकटलंय एका युनिकॉर्नचं अर्धं शिंग.
कोपऱ्याला तडा. भिंगावर रोज पहाटे
कांद्याच्या पत्तीची धूळ;
तोंडाची वाफ द्यायची, पदराने पुसायचं,
मग सुरुवात.

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट, पावणेपाच.
संगमनेरची गाडी खाली होतेय.
माथाडी आकडा मारतात, पाठीवर गोणी घेतात,
आणि मी मध्येच उभी,
शाळेतली पाटी धरावी तसा टॅबलेट धरून.
"बाई, आमचाबी एक काढा,"
ज्ञानू म्हणतो. रोजच म्हणतो.

एका वक्कलाचे तीन फोटो.
गोणीचं तोंड उसवून एक.
कांदा आडवा चिरून एक, म्हणजे आत जोड आहे का कळतं.
तिसरा हातावर घेऊन.
त्या तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

गाळ्यातली ट्यूबलाइट कांद्याला कावीळ करते.
शेठ म्हणायचे, "चमक वाढव."
पहिल्या वर्षी वाढवली.
बोट उजवीकडे सरकवलं, आणि साधी गोल्टी
लग्नाला निघाल्यासारखी गुलाबी झाली.
दिंडिगलच्या मुरुगेसनने अख्खा ट्रक परत लावला.
जाताना तीन दिवस, येताना चार,
कांदा घरी आला तेव्हा त्याला कोंब होते.
मला कोणी ओरडलं नाही.
शेठनी त्यातला एक माझ्या टेबलावर ठेवला
आणि चहा मागवला.
तो गणपतीपर्यंत तिथेच होता, हिरवा वाढत.

तेव्हापासून मी फोटोत हात घालते.
डावा, तळवा वर, त्यावर कांदा.
कांद्याचा रंग रोज निराळा,
माझ्या हाताचा मला सत्तेचाळीस वर्षं ठाऊक आहे.
पिवळं उतरवायचं, निळं किंचित चढवायचं,
हात हातासारखा दिसला की थांबायचं.
कांदा आपोआप खरा होतो.

मग कापाकापी.
ज्ञानूचे पाय जातात, पानाची पिचकारी जाते,
शेजारच्या गाळ्याचं नाव तर आधी जातं.
पडद्यावरचा तडा फोटोत येत नाही,
तरी रोज वाटतं, येईल.
मग फोटो हलका करायचा, कारण आत रेंजची एकच काडी;
जड फोटो गोल गोल फिरत बसतो
आणि तोवर भाव रुपयाने उतरतो.
किती हलका?
पत्तीवरची रेघ दिसली पाहिजे.
तळहातावरची नाही दिसली तरी चालेल.

परवा घरी, कोपरखैरण्यात, शेपू चिरताना
विळीने अंगठा कापला.
पट्टी लावून कामावर गेले, फोटो काढले, पाठवले.
दोन निळ्या खुणा.
मुरुगेसन एवढंच लिहितो नेहमी: रेट?
त्या दिवशी बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग,
मग त्याच्या हिंदीत आलं:
हाथ क्या हुआ.

मी त्याला कधी पाहिलेलं नाही.
त्याच्या नावापाशी एका पांढऱ्या बैलाचा फोटो आहे.
सात वर्षं मला वाटत होतं,
हा माणूस कांदा बघतो.

उत्तर लिहायला बसले, तर
विळीला हिंदीत काय म्हणतात आठवेना.
रात्री ओट्यावरची विळीच काढली मोबाइलवर,
न कापता, न उजळता, मागे भांड्यांचा ढीग,
जड फोटो, गेला तसाच, फिरत फिरत.

सकाळी उलट फोटो.
लाकडी पाट, काळा पडलेला, वाकडं पातं,
आमच्यासारखंच सगळं, फक्त खोबऱ्याचा कीस भोवती.
बाजूला एक कांदा, अर्धा चिरलेला.
रंग चांगलाच पिवळा आला होता.
बोट सवयीने सरकायला गेलं,
मी ते मागे घेतलं.

मोठा करून पाहिला मात्र.
दुहेरी पत्ती, मान बारीक.
आपलाच असावा.