श्वास : वीस

पहिल्या महिन्यात मी अडीचशे केसपेपर उपसले
परळच्या रेकॉर्ड रूममध्ये, जिथे पंखा फिरतो
आणि हवा जागची हलत नाही.
नाडी प्रत्येकाची निराळी. रक्तदाब निराळा.
कुणी परांचीवरून पडलेला, कुणी टेम्पोखाली आलेला,
कुणाला लिफ्टच्या खड्ड्यातून दोरानं वर काढलेलं.
श्वासाच्या रकान्यात मात्र सगळ्यांना एकच आकडा :
वीस.
फासळ्या मोडलेल्याला वीस.
बेशुद्धाला वीस.
ज्याच्या पुढच्याच पानाला शवागाराची पावती टाचलेली,
त्यालाही, पावतीच्या दहा मिनिटं आधी,
वीस.

सरांना म्हटलं, हा डेटा खोटा आहे.
सर चष्मा पुसत म्हणाले,
रात्री एक वाजता वॉर्डात जाऊन उभी राहा,
मग लिही तुझा शब्द.

गेले.
एक सिस्टर. चौतीस पेशंट, त्यातले सहा जमिनीवर.
गावित सिस्टरच्या एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्यात पेन,
आणि तोंडानं ती मामांना हाका मारत होती
ट्रॉलीचं चाक निखळलं म्हणून.
"श्वास मोजायला अख्खं मिनिट लागतं गं," म्हणाली.
"आणू कुठनं?"

मी 'खोटा' खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.

अभ्यासाच्या नावाखाली ते मिनिट मला मिळालं.
सेकंदकाटा असलेलं आईचं जुनं घड्याळ,
एक क्लिपबोर्ड, आणि बेड अकरा.
नाव : अनोळखी पुरुष. वय : अंदाजे तीस.
वडाळ्याला चौथ्या मजल्यावरून, डब्यासकट.
कानामागे पिस्ता रंग वाळून तडकलेला.
मोजलं. चौतीस.
चुकलं असेल म्हणून पुन्हा. छत्तीस.
एवढा वेळ मी कुणाच्याच छातीकडे बघत बसले नव्हते,
बाबांच्याही नाही,
म्हणून उशिरा दिसलं :
उजवी बाजू वर येतच नव्हती.

ओरडले.
सिस्टर धावली, झोपेतून उठवलेला डॉक्टर धावला,
फासळ्यांमधून नळी गेली,
पलंगाखालच्या बाटलीत बुडबुडे फुटू लागले,
खूप वेळ फुटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फॉर्म वाचला.
निरीक्षकानं हस्तक्षेप केला, म्हणाले,
ही केस आता आकडेवारीत धरता येणार नाही.
बरोबरच होतं त्यांचं.
लाल पेनानं लिहिलं : वगळली.

अहवाल गेला. शिफारस एकाच ओळीची,
रात्रपाळीला आणखी दोन सिस्टर.
ती ओळ कुठल्याशा टेबलावर
पेपरवेटखाली आहे, असं कळतं.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो,
पुढे दोनच चौकोन : जिवंत, मयत.
वगळलेल्यांना करायची गरज नसते.
केला.
गंजामला कुणी बाई बराच वेळ उडियात बोलत राहिली,
मग पावलं, मग तो. जगबंधू.
मला प्रश्न आठवेना.
जिवंत आहात का, असं विचारायचं तरी कसं.
त्यानंच सांगितलं, ठेकेदारानं सांडलेल्या रंगाचे
अकराशे कापून घेतले,
ते परत मिळतील का, मॅडम?

तो सांगत होता, खोकत होता, पुन्हा सांगत होता.
माझी नजर सवयीनं घड्याळावर गेली.
पेशंट बोलत असताना श्वास मोजू नयेत,
सूचनापत्रकात छापलेलं आहे.
मोजले नाहीत.