मैलांचा नवा भाव

सकाळी सातला हेडफोन चढवला
तेव्हा टेबलावर एक कागद होता, पालथा.
'महागलं' असं म्हणू नये.
म्हणावं, 'आता तुम्हांला जास्त पर्याय आहेत.'

रात्रीतून तक्ता काढून टाकला होता त्यांनी,
चौदा वर्षं मला पाठ असलेला,
युरोप साठ हजार, जपान पंच्याहत्तर,
झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता.
आता भाव रोजचा रोज, घटकेचा घटकेला.
मासळीबाजारात निदान मासा तरी दिसतो.

नऊ वीसला थंडर बेहून राउनो कोस्केला.
आवाज वाळल्या लाकडासारखा, घाई नाही.
जन्मभर धान्यकोठारांचे वजनकाटे तपासले त्यांनी,
रेजायना, सॅस्कटून, चर्चिल,
पहाटेची विमानं, मधली सीट,
मांडीवर पितळी वजनांची पेटी,
कारण ती सामानात टाकायला जीव होत नसे.
हे सगळं त्यांनी मला का सांगितलं कोण जाणे.
माणसं सांगतात. मैल मागताना आधी मैलांची गोष्ट सांगतात.

'एक लाख एकवीस हजार तीनशे आहेत.
दोन तिकिटं. मी आणि आइली.
उलूला, तिच्या बहिणीकडे. एकोणीस वर्षं झाली.'

मी टाइप केलं. पडदा विचारात पडला.
मग म्हणाला: एका माणसाचे एक लाख आठ हजार चारशे.
वर कर आणि अधिभार, सहाशे बारा डॉलर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
हे मी बोलले नाही. कॉल रेकॉर्ड होतात.
बोलले ते कागदावरचं.

पलीकडे खुर्ची सरकली. पावलं.
तक्ता त्यांच्या फ्रिजवर होता, माशाच्या चुंबकाखाली.
'माझ्याकडे तर साठ लिहिलंय.'
मग बराच वेळ काही नाही, आणि मग,
तक्रार नव्हे, कामातली शंका विचारावी तसं:
'बाई, काटा खोटा निघाला तर आम्ही लाल पट्टी लावायचो.
मालक रडो, ओरडो,
दुरुस्त होईपर्यंत एक दाणा मोजू द्यायचो नाही.
तुमच्याकडे ते काम कोण करतं?'

कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.

'बरं. एकच काढा. तिच्या नावाने.'
'आणि तुम्ही?'
हे विचारायचं नसतं. विचारलं.
'मी पाहिलीत विमानं.'

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज,
फिनिशमध्ये, सुरी धारेला लावल्यासारखा.
फोनवर हात. हाताखालून भांडण.
मला कळला एकच शब्द, तीनदा आलेला: हेल्मी.

'काढू नका,' ते परत आले. 'ती म्हणते, वेडा आहेस.
ती म्हणते, हेल्मीलाच बोलवू.
तिकडून इकडे किती पडतात?'

मी शहरांची अदलाबदल केली.
तेच आकाश, तोच समुद्र, तीच खुर्ची असेल कदाचित,
नोव्हेंबरातला मंगळवार,
सत्तावन्न हजार आठशे. जाऊन येऊन.
मी आकडा दोनदा वाचला, एकदा त्यांना, एकदा मला.

पर्यायांचं वाक्य त्या वेळी खरं ठरलं असतं,
म्हणूनच म्हणवलं नाही.

'उरले किती?'
'त्रेसष्ट हजार पाचशे.'
'राहू देत. पुढच्या वर्षी त्यांचं वजन करू.'
हसले की खोकले, सांगता येणार नाही.
फोन ठेवताना त्यांनी माझं नाव विचारलं.
लोरेट दूसे, मी म्हटलं, मंक्टनहून.
'नदी उलटी वाहते तेच गाव ना?'

तेच.
जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन काठावर गेले.
पाटीवर भरतीची वेळ बारा एक्केचाळीस.
चव्वेचाळीसला आली,
चिखलाच्या रंगाची, गुडघाभर, कसलाही गाजावाजा नाही,
समुद्राकडे निघालेलं सगळं पाणी
मुकाट माघारी वळवत.
तीन मिनिटं उशीर.
कुणी माफी मागितली नाही, आणि मला ते चाललं.