दृश्याचे पैसे

तीन दिवस झाले, खिडकीत काहीच नाही.
धुकं असं बसलंय अंगणात,
जणू खोली त्यानेच आगाऊ पैसे भरून घेतलीय
आणि मी आलोय तो चुकून.

दारामागे पिरिम्झेने खडूने लिहिलंय :
पाणी, माणशी दोन बादल्या.
उभं झाड तोडायचं नाही, पडलेलं असेल तर सांगा.
संडासात भुशाचा डबा, वर टाकायची एक मूठ.
वाफ्यातल्या बटाट्यांकडे बघून कळतं,
इथे कुणाचंच काही वाया जात नाही,
पाहुण्यांचंसुद्धा.

छपरावरच्या काळ्या पाट्यांना ऊन मिळालेलं नाही,
म्हणून रात्री एकच दिवा, तोही स्वयंपाकघरात.
म्हणून सगळे तिथेच :
दोन पोलिश सायकलवाले, मी,
पाय मोडलेलं एक कोकरू,
आणि तिचा भाचा इमेदा,
जो चुलीवर आमचे मोजे वाळत घालतो
आणि कोणता कुणाचा ते वासावरून सांगतो.

काल मी जरा कुरकुरलो.
म्हटलं, फोटोत तर पाच शिखरं होती.

तिने कणकेत चीज भरणं थांबवलं नाही.
काहीतरी बोलली. इमेदाने अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं :
"पाच नाहीत, सहा. एक फोटोत मावत नाही."

मग मनगटाला धरून मला खिडकीशी नेलं.
वाफेने पांढऱ्या झालेल्या काचेवर
पिठाच्या बोटाने ओढली एक रेघ,
वर, खाली, पुन्हा वर.

ही अबानोची खिंड. ऑक्टोबरात इथूनच उतरतो आम्ही,
माणसं, मेंढ्या, मधाचे डबे,
मागे राहतात बुरूज आणि दोन हट्टी म्हातारे.
इथे बाबा घसरले, घोड्यासकट.
घोडा सापडला.
या खाचेतला बर्फ वितळला की सातू पेरायचा,
आता तो मे महिन्यातच वितळतो,
आणि सातूला काय सांगायचं ते कळत नाही.
इथे लग्नाआधी मी चोरून सिगारेट ओढायचे.
आणि इथे,
बोट जरा थांबलं,
इथे काही नाही. मला आवडतं, एवढंच.

तोवर काच गळायला लागली होती.
खिंड ओघळून घोड्यापाशी आली.
कोकरू ओरडलं, ती वळली.

आज सकाळी हिशेब झाला :
तीन रात्री, जेवण, मधाची एक बाटली.
मी उगाच विचारलं, आणि दृश्याचे?
"ते आमचं नाही, विकू कसं?
पण काच पुसावी लागली मला,
त्याचं काय द्यायचं ते दे."

मी वीस लारी ठेवले.
तिने दहा परत केले.

लगाझाची जीप चौथ्या वळणावर होती
तेव्हा मागे धुकं फाटलं,
एकदम, जुनं पोतं उसवावं तसं.
थांब म्हटलं, तर तो म्हणाला,
या रस्त्यावर थांबायचं नसतं, प्रार्थना करायची असते.

मान वळवून, डोकं काचेवर आपटत, पाहिलं जेवढं दिसलं.
पाच होती, अगदी फोटोतल्यासारखी.
सहावं होतं की ढग, सांगता येणार नाही.
खरं तर मी तिकडे बघतही नव्हतो.
मी शोधत होतो, खाचेच्या जरा उजवीकडे,
ती जागा,
जिथे काही नाही.