इंचाला दहा टाके

दुकानातला पोरगा, छातीवरच्या पट्टीवर नाव कोल्बी,
विचारतो : सिंगल दाखवू की डबल?
मी म्हणते, एकटीच आहे.
तो मान हलवतो. डबल म्हणजे दोघांचा नव्हे, मॅम.
डबल म्हणजे एकाच माणसाला तिरकं झोपता येतं.

एकसष्ट वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
वेन जाऊन चार वर्षं झाली
तरी मी अजून पलंगाच्या डाव्या कडेलाच.

मग तो आकडे म्हणून दाखवतो, पाढे म्हटल्यासारखे :
अकरा फूट, सत्तर डेनियर, चारशे पौंड पेलतो.
माझं वजन विचारत नाही. आईनं नीट वाढवलेला दिसतो.
मीच सांगते, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं :
एकशे शहाऐंशी.
आणि वर कुत्रा.

आकडे त्याचे, पण कापड माझ्या हातातलं.
लाल हॅमॉकची कड मी उलटी करते,
अंगठ्याच्या नखानं टाके मोजते.
इंचाला आठ. मध्येच दोन सैल.
लाल खाली ठेवते.
कोल्बी गप्प. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

सत्तावीस वर्षं तंबू शिवले मी,
डोंगराच्या पायथ्याच्या गिरणीत, तिसऱ्या पाळीला.
किती माणसं झोपली असतील माझ्या शिवणीखाली,
अलास्कात, कुठल्या कुठल्या वाळवंटात,
आणि मी एक रात्र नाही.
सुट्टीला धुणं असायचं. नाहीतर चर्चचं जेवण. नाहीतर पाय सुजलेले.
आता वेळ आहे, तर गुडघे म्हणतात,
जमिनीवर टेकलीस तर उठवायला माणूस बोलाव.

म्हणून हे. हवेतलं अंथरूण.

निळ्याच्या पट्टीवर दुसऱ्या देशाचं नाव आहे,
जिथे आमची यंत्रं गेली, पेट्यांत, भुसा भरून.
त्या दिवशी आम्हाला केक दिला होता, लिंबाचा.
मला वाटलं होतं, हे नाव वाचून जुना राग वर येईल.
पण दोरी कापडाला भेटते त्या कोपऱ्यावर
तिनं (ती बाईच असणार)
सुई माघारी फिरवून तीन टाके जास्तीचे घातलेत.
हे नियमात नसतं.
मीही घालायचे. मुकादम दोऱ्याचे पैसे कापायचा.

हा द्या, मी म्हणते.

झाडाला बांधायचे पट्टे रुंद घ्या, सालीला कापत नाहीत.
घेते.
पाठीखालची रजाई घ्या, थंडी खालून चढते.
किंमत बघते, परत ठेवते.
घरी आईची रजाई आहे, कडेला बटणं लावीन.

ऑगस्टची रात्र. रातकिडे करवतीसारखे.
परसात ट्यूलिप पॉप्लर आहे, समोर मेपल.
पहिल्यांदा बांधला तो इतका ताणून
की मी केळ्यासारखी वाकले.
उतरले. सैल केला.
दुसऱ्यांदा इतका सैल की बूड गवताला लागलं.
बिस्किट आधी भुंकला, मग खाली जाऊन झोपला,
वर यायला साफ नकार.
म्हणजे एकशे शहाऐंशीच.

तिसऱ्यांदा पाय डावीकडे, डोकं उजवीकडे,
आणि कापड अचानक सपाट झालं,
घडी उलगडून टेबलावर हात फिरवावा तसं.
अंधारात कोपरा चाचपला.
एक, दोन, तीन. जागच्या जागी.

पोटावर फोन थरथरला. क्रिस्टल, टेनेसीहून :
लँडलाइनवर केव्हाची करतेय, आहेस कुठे?
बाहेर.
बाहेर म्हणजे कुठे, मम्मा? अकरा वाजलेत.
मी जरा विचार केला.
तिरकी, म्हटलं.