शस्त्र निवडा

तलवार : धार बेचाळीस, वजन अकरा.
मोगेशने ती योद्ध्याला दिली,
चोराला दोन सुऱ्या, विषासकट,
चेटकिणीला हाडाची काठी.
उरली वैदीण.
भाला तिला पेलत नाही,
धनुष्याला नाणी कमी पडतात.

मयें गावात दुपार. खाटेवरून बाप बघतोय,
पुनो पाडेली, एकेकाळी दिवसाला चाळीस माड.
कमरेची कोयती आता खुंटीला,
पाय चादरीखाली,
ठेवले तसे.

"अकरा म्हळ्यार कितें? शेर?"
नुसते अकरा, मोगेश म्हणतो.
"आनी कोयती ना थंय?"
तो यादी वरखाली करतो.
परशू आहेत एकोणीस.

"तर तिचे हात रितेच दवर.
चडटना लागतात."

खेळ विचारतो :
निःशस्त्र पाठवायचं? नक्की?