किती पुरुष खोल

पत्रक आलं तेव्हा नगिया पीठ मळत होती.
वादळ तिसऱ्या दिवशी थकलं होतं,
तंबूच्या दोरांवर अजून त्याची पिवळी भुकटी.
मी टेकाडावर मोबाइल उंच धरून उभी.
एक काडी रेंज,
त्या काडीवरून घसरत उतरलं
दूरच्या एका राजधानीचं निवेदन.

"वाच," ती म्हणाली. हात पिठातच.

मी वाचलं. आधी मनात, फ्रेंचमध्ये.
मग हस्सानियात, तिच्यासाठी, अडखळत:
सदर प्रदेशातील परिस्थितीविषयी
आम्हाला खोल चिंता वाटते.
सर्व पक्षांनी संयम बाळगावा.

"सगळे पक्ष म्हणजे कोण कोण?"
एक तुरुंग, मी म्हटलं, आणि तुझा लेह्बीब.
"तो बाळगतोय की संयम.
चौदा महिने झाले, भिंतीपलीकडे,
झेंडा शिवला म्हणून.
शिवताही येत नव्हतं त्याला धड.
टाके सगळे तिरके."

गोळा उलटा केला, पुन्हा दाबला.
"आणि खोल म्हणजे? किती पुरुष खोल?"

तिचा बाप विहिरी खणायचा.
हात वर करून उभा माणूस, तो एक पुरुष.
त्याच्या खांद्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा.
तिफारितीच्या वाटेवरची विहीर अकरा पुरुष होती म्हणे,
अकराव्याच्या पायाला ओल लागली
तेव्हा वरचा रडला होता.

मी तिला कसं सांगू
की त्यांच्या भाषेत खोलला तळ नसतो,
नुसता काठ असतो.
गेल्या वर्षी 'गंभीर' होतं, त्याआधी 'तीव्र'.
शब्द पाळीपाळीने कामावर येतात
आणि पाच वाजता घरी जातात.
दुसऱ्या एका देशाने लिहिलं होतं,
आम्ही घडामोडींवर लक्ष ठेवून आहोत.
लक्ष ठेवलंय, हे खरंच.
कुठे ठेवलंय, ते त्यांनाही आठवत नसावं.

रेशनात मासळीचे डबे येतात,
त्याच चिंतातुर देशात भरलेले.
नगियाने डबा फोडला, नाकाशी नेला.
"हा दाख्लाचा."
लेबलवर तसं नाहीये, मी म्हटलं.
"लेबल पोहत होतं का समुद्रात?"
लग्नाआधी ती तिथे जाळी विणायची.
आता पन्नास वर्षं वाळूत,
आणि तिचा समुद्र तिला
मदत म्हणून मिळतो, तेलात बुडवलेला,
वर शिक्का: विक्रीसाठी नाही.

विस्तव बाजूला सारून तिने भाकर वाळूत पुरली,
वर निखारे ओढले.
"उत्तर लिही."
कुणाला?
"ज्याला चिंता वाटते त्याला. नाव असेलच की खाली."
नाव नव्हतं. प्रवक्ता होता.
"मग प्रवक्त्याला लिही.
म्हणावं, आम्ही खाली आहोत.
अजून पाणी लागलेलं नाही.
तू वरून वाकून बघतोयस, ते दिसतंय,
तुझ्या डोक्याने उजेड अडलाय.
दोर असेल तर सोड.
नसेल तर जरा बाजूला हो."

मी लिहिलं. 'जरा' सुद्धा लिहिलं,
ती म्हणाली ते असू दे, रीत असते.
काडी गेली तोवर.
पडद्यावर लहानसं घड्याळ फिरत राहिलं.

भाकर निघाली. ती झटकली, थोपटली,
तरी दाताखाली कचकच आलीच.
तिने चार तुकडे केले.
आम्ही तिघं होतो.