एका ओळीत एकटीच

बेळगावात कोर्टाच्या मागं, झेरॉक्सच्या दोन दुकानांमध्ये
चिणून बसवलेलं माझं टेबल.
पाटीवर कन्नड वर, मोठं. मराठी खाली, जमेल तेवढं.
तसा नियम आहे. रंगाऱ्याशी मी भांडले नाही.

संगणकाला दोन दारं.
एक मोठं. उघडलं की आत समास, रकाने,
पन्नास तऱ्हांची अक्षरं, नक्षीच्या चौकटी,
आणि प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ,
जणू यल्लाप्पा हा माणूसच चुकीचा
आणि येळ्ळूर नावाचं गाव कुठं नाहीच.

दुसरं दार म्हणजे नुसता उंबरा.
पांढरं पान, एक लुकलुकणारी काडी.
ठळक नाही, तिरपं नाही, मधोमध नाही.
लिहिलंस तर लिहिलंस.

दिवसभर मी मोठ्या दारातच असते.
वाटणीपत्रं, शपथपत्रं, मुंजीच्या पत्रिका.
वकिलांना डावीकडं दीड इंच लागतं,
टाके घालायला.

आज भरमाण्णा मुतगेकर आला.
खिशातनं पानाच्या पुडीसारखा घडी घातलेला कागद.
"आईच्या बियांची यादी करायचीय," म्हणाला,
"भाताची. तिनं राखली तेवढी सगळी वाणं.
पोरगी दिलीय चंदगडात, तिला पाठवायची.
मग तिच्या पोरांना.
म्हणजे टिकायला पाहिजे की ओ."

टिकायला.
मी खण उघडून त्याला एक सीडी दाखवली.
हीत माझ्या आप्पानं सांगितलेली शेवटची चार पानं,
तेव्हाच्या देखण्या फॉन्टात, महिरप घालून.
तो फॉन्ट आता कुणाकडं नाही.
उघडलं की दिसतात
खिळे, छत्र्या, उलटे प्रश्न, पौंडाच्या खुणा.
कुठल्या छत्रीखाली 'बाळ' आहे ते मला ठाऊक.
माझ्यामागं कुणाला ठाऊक नसणार.

त्यानं सीडी उजेडात धरली.
तीत त्याचं तोंड दिसलं, तसा तो दचकला,
हलकेच परत ठेवली.
"मग ते दुसरं उघड."

मी लिहीत गेले. दोडगा. इंटान.
तांबडी साळ. पावसाला न पडणारी एक, बिननावाची.
मग मुळ्ळु भत्ता, काटेरी भात.
"हे कन्नडमधीच घाल. आई तसंच म्हणायची."
मी कळ दाबून लिपी बदलली, परत बदलली.
कोण वर, कोण खाली,
पानानं विचारलं नाही.

"आता वर आईचं नाव. जाड कर."
इथं जाड होत नाही, म्हटलं.
"मोठं?"
मोठंही होत नाही.
बाहेर स्टँपवाला कुणाला तरी
उद्या या, उद्या या म्हणत होता.
दोन्ही अंगाला चांदण्या घालू काय, मी विचारलं.
"नको. तिनं कधी फूलसुद्धा माळलं नाही."

बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.
"असं कर. एका ओळीत एकटीच ठेव.
वर एक ओळ सोड. खाली एक सोड.
घरात एवढी जागा
तिला कधी मिळाली नाही."

मल्लव्वा

"किती झालं?"
वीस रुपये.
"चौकट नाही, जाड नाही, काही नाही,
वीस कशाचे?"
पंधरा घेतले.

रात्री शटर निम्मं ओढून
सीडी घातली, शेजारी उंबरा उघडला.
एका छत्रीकडं बघून लिहिलं: बाळ.
पुढच्या छत्रीखाली काय होतं
ते आठवायला
बल्बभोवतीचे किडे मोजत बसले.